लुटीची बोरं

उंद्रीत विटाळ कुठं सुरू होतो अन् कुठं संपतो, हे ठरवायचं काम सरस्वतीबाई पाटलिणीकडे होतं. कोणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. आणि हाती घेतलेलं काम बाई अर्धवट सोडत नसत. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शिवाशिवीविरुद्ध कायदाही झाला होता म्हणे. पण तो पाटलाच्या न्हाणीपर्यंत काही पोचला नव्हता.

सून सिंधू नवी नवी असताना एकदा बाजारात बनाबाईच्या हातून ओटीत बोरं घेऊन बसली. बनाबाई बौद्धवाड्यातली. गावाबाहेर तिचं छोटंसं वावर, बांधाला बोरी. झालं! सासूबाईंनी भरबाजारात ती बोरं उकिरड्यावर फेकायला लावली, अन् घरी नेऊन पौषाच्या थंडीत सुनेच्या अंगावर लुगड्यासकट विहिरीचं गार पाणी ओतलं. त्या दिवसापासून बनाबाईनं बाजारात बसणं सोडलं. "ज्याले बोरं पाह्यजेत त्यानं वावरात यावं अन् आपल्या हातानं तोडावी," असं तिनं सांगून टाकलं.

सरस्वतीबाई खूश. "समजदार बाई आहे हो! आपला विटाळ जपते," असं त्या गावभर सांगत सुटल्या. मग दर हंगामाला उंद्रीतल्या भल्याभल्या घरच्या बाया बनाबाईच्या वावरात काट्याकुट्यांत वाकू लागल्या, अन् बनाबाई लिंबाखाली बाजेवर बसून पाहू लागली. वाकतं कोण अन् बसतं कोण, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. खोटं कशाला बोला, डोकं असल्या कामाला वापरायची रीतच नव्हती.

यंदा पाटलांच्या नातवाची पहिली लूट होती. संक्रांत झाली की लेकराला पाटावर बसवायचं, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे, अन् भोवतालच्या पोरांनी ते लुटायचे. दुसरबीडहून सिंधूची आई, विहीण कौशल्याबाई, मुद्दाम आली होती. खोड काढल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. अन् त्या साली आभाळानं घात केलेला. ज्याचं बोर फोडावं त्याच्यात अळी. स्वच्छ बोरं होती फक्त बनाबाईची. विहिणीसमोर किडकी बोरं ओतायची म्हणजे सरस्वतीबाईंचं नाकच गेलं असतं.

म्हणून सकाळीच बाई स्वतः निघाल्या. त्यांचा उजवा खांदा आखडलेला. हात मानेच्या वर जाईना. अंबाडासुद्धा रोज सिंधूच बांधून द्यायची. तरी डाव्या हातानं त्यांनी टोपली भरत आणली. शेवटचं एक टपोरं बोर दिसलं, बाई आत शिरल्या, अन् बोरीनं त्यांना धरलं. बोरीचा एक काटा सरळ असतो, एक वाकडा. सरळ टोचतो, वाकडा सोडत नाही. पदर गुंतला, अंबाडा गुंतला. जितकं ओढावं तितकं जास्तच.

"सोडवू का, पाटलीणबाई?" बनाबाईनं विचारलं.

"हात नोको लावू!"

"बरं," म्हणून बनाबाई बाजेवर जाऊन बसली.

ऊन चढलं. घरी पाट मांडला असेल, विहीण दारात उभी असेल. बाईंनी जोरात हिसका दिला. अंबाडा सुटला अन् मोकळे केस चारी बाजूंनी फांदीत गेले. आता मान हलवायचीही सोय उरली नाही.

"बने," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "सोडव वं माय."

"सोडवतो. पण मग या बोराईचं काय करान? उकिरडा दूर आहे इथून."

बनाबाई उठली. एकेक केस अलगद सोडवला, बोटांनी विंचरला अन् पक्का अंबाडा बांधला. सिंधू रोज बांधायची, पण भीत भीत. असा निवांत हात बाईंच्या डोक्यावरून आई गेल्यापासून फिरला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, अन् त्याचा त्यांना भयंकर राग आला.

खरं तर आता बोरं फेकून अंघोळ करायची. पण मग लूट कशाची करणार? बाई काही कच्च्या नव्हत्या. घर येईपर्यंत त्यांनी नवा नियम काढला: काट्यात अडकलेल्या माणसाला विटाळ लागत नाही.

कौशल्याबाईंनी दोन बोरं फोडून पाहिली. अळी निघेना, तशी बिचारी हिरमुसली. सिंधू मात्र बोरांकडे पाहतच नव्हती. ती सासूच्या अंबाड्याकडे पाहत होती.

"आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली, "पाणी काढू का अंघोळीले? विहिरीचं, गार?"

पौषात सरस्वतीबाईंना घाम फुटला. "लेकरू ताटकळलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "ओत बोरं."

सिंधूनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा लेकराकडे, अन् टोपली उचलून बोरं ओतली. पोरांची झुंबड उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी फणी अन् तेल घेऊन आली. सरस्वतीबाईंनी मान बाजूला घेतली.

"राहू दे आज. चांगला बसला आहे."

"कोणं बांधला, आत्याबाई?"

बाईंनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली.

"बनाबाईनं," त्या म्हणाल्या. "अन् हळू बोल. तुही माय उठन."