आईनं भाड्याच्या घरात दूध उतू घातलं

आधीच सांगते, मी तेलाच्या मिलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सरकीच्या तेलाचे नमुने तपासायचे आणि आकडे लिहायचे, हा माझा धंदा. जे बाटलीत भरून तपासता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही... म्हणजे नव्हता. या ग्रुपवर लोक पिंपळावरच्या भुताचं, वाट चुकवणाऱ्या बाईचं लिहितात ते मी डबा खाता खाता वाचते आणि मनातल्या मनात हसते. राग मानू नका. माझ्याकडे तसलं काही नाही. मला कोणी दिसलं नाही, कुणाचा आवाज आला नाही. भर सकाळी साडेदहा वाजता थोडंसं दूध सांडलं, एवढंच. फक्त ते जिथं सांडलं तिथं दूध नव्हतंच.

मी खामगावची. म्हणजे आता खामगावची, तसे आम्ही कुठलेच नव्हतो. बाबा एसटीत कंडक्टर. मेहकर, चिखली, मलकापूर, जळगाव जामोद... बदली झाली की आई चार पोती आणि एक पेटी बांधायची की निघालो. खामगावच्या आधी भाड्याच्या अकरा खोल्या झाल्या, मी मोजल्यात. अकरापैकी एकाही खोलीत आईनं भिंतीला खिळा ठोकला नाही. घरमालकाला चालत नाही, निघताना बोलणी खावी लागतात म्हणून. आधीच्या भाडेकरूचा खिळा सापडला तर त्यावर कॅलेंडर, नाहीतर सगळं कोनाड्यात. चिखलीला बाबांनी एकदा हौसेनं खिळा ठोकला होता. खोली सोडायच्या आदल्या दिवशी आईनं तो उपटला, भोकात टूथपेस्ट भरली आणि वरून बोट फिरवलं. पांढऱ्या भिंतीत कुणाला कळलंही नाही. आपलं घर पाहिजे असं ती कधी तोंडानं म्हणाली नाही. पण दुसऱ्यांच्या वास्तूला जेवायला गेलो की ती आधी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर हात फिरवून यायची.

मी बारावीत असताना बाबा गेले. आईनं ब्लाऊज शिवून मला एमएस्सी करवलं. केमिस्ट्रीत. निकाल लागला आणि दोन महिन्यांत खामगावला या मिलमध्ये लागले. जुन्या गावात कादरचाचांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. चाचा गाद्या भरायचे. समोर दुकान, मध्ये ते आणि चाची, मागे आम्ही. दोन खोल्या, मोरी, आणि पूर्वेच्या खिडकीखाली कडप्प्याचा ओटा. त्या ओट्याच्या कडेचा एक टवका उडाला होता, नखाएवढा. तो लक्षात ठेवा.

सामान लावायच्या आधीच आईनं शेगडी मांडली आणि दुधाचा गंज वर ठेवला. पुण्याच्या लोकांनो, गंज म्हणजे पातेलं. मला वाटलं चहा होतोय. बघते तर बाई शेगडीपाशी हात जोडून उभी.

"आई, काय करून राह्यली तू?"

"दूध उतू घालून राह्यली."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — नव्या घरात पहिल्यांदा शेगडी पेटवून दूध उतू जाऊ द्यायचं असतं. पूर्वेकडं गेलं तर फारच चांगलं. पण हे स्वतःच्या घरात. भाडेकरू कोणी असं करत नाही. घर मालकाचं, बरकतही मालकाची. अकरा खोल्यांत आईनं हे कधी केलं नव्हतं.

"भाड्याचं आहे हे घर," मी म्हटलं.

"माहीत आहे मले," ती शेगडीवरची नजर न काढता म्हणाली. "पण तुह्या कमाईचं पयलं घर तं आहे न."

दूध चढलं आणि भसकन उतू गेलं. पूर्वेकडं. ओट्यावरून वाहत त्या टवक्यापाशी आलं आणि तिथून थेंब थेंब खाली. तेवढ्यात मोटरचं बटण दाखवायला कादरचाचा दारात आले. आई चोरी पकडल्यासारखी फडकं शोधायला लागली. "चुकलं भाऊ, पुसते लगेच."

"राहू द्या वहिनी," चाचा म्हणाले. "घर माह्यं असन, चूल तं तुमची आहे."

माणूस असा. दुसऱ्या दिवशी आईनं त्यांच्याकडून हातोडी मागून आणली आणि स्वतःच्या हातानं भिंतीत खिळा ठोकला. बाबांचा फोटो लावला. मी लॅबमधून आले तर फोटोखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. एवढ्या खुशीत मी तिला माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

दोन वर्षं छान गेली. मग चाचांनी घर विकायचं काढलं. मुलगा अकोल्याला, तो बोलावून राहिला होता. एका रविवारी येऊन म्हणाले, "बेटी, बाहेर बोललो नाही अजून. पयले तुले इचारतो. तुमी घ्या. आमी बुढा-बुढी इथं आहो तोवर समोर राहू, मांगचं तं तुमचंच आहे." घर माझ्या आवाक्यात होतं. बँकेनं कर्ज दिलं असतं. हे सगळं मी तेव्हा नीट बघितलं होतं, त्यामुळं आता 'अक्कल नव्हती' म्हणून सुटायची सोय नाही. अक्कल जरा जास्तच होती.

ते गेल्यावर आईनं एकदाच विचारलं. मेथी निवडत होती, माझ्याकडं बघितलंही नाही.

"घेऊन टाकू का व?"

आणि मी शहाणी. मोबाईलवर मी बरेच व्हिडिओ पाहिले होते, नोकरीच्या सुरुवातीला घर घेऊ नये, भाड्यानं राहावं, मोकळं राहावं. ते सगळं तिला ऐकवलं. "उद्या मला पुण्याला नोकरी लागली तर हे घर काय डोक्यावर घेऊन जाऊ? आणि समोर उघडी नाली आहे, गाडी लावायला जागा नाही. हुशार लोक आता भाड्यानंच राहतात आई. घ्यायचं तेव्हा चांगला फ्लॅट घेऊ. एवढी घाई कायची?"

"हाव," आई म्हणाली. "ते बी खरंच."

भांडली असती तर बरं झालं असतं. काही महिन्यांनी चाचांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आले तर बाबांचा फोटो कोनाड्यात ठेवलेला. भिंतीवर खिळा नाही. जवळ जाऊन बघितलं तर भोक बुजवलेलं, टूथपेस्टनं, वरून बोट फिरवून. मी विचारलं, "काऊन काढला?" तर म्हणे, "कधी तं सोडाच लागन न." मी चहा घेतला आणि मोबाईल बघत बसले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुण्याला नोकरी काही लागली नाही. आईचं पोट दुखायला लागलं, आम्ही ॲसिडिटी म्हणत राहिलो, आणि तपासण्या झाल्या तेव्हा फार पुढं गेलं होतं. तीन महिन्यांत गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी कमी बोलायची. एक दिवस माझा हात धरून म्हणाली, "खोली सोडशीन तवा ओटा घासून देजो मयुरी. त्यांचं घर आहे."

त्यांचं घर आहे, म्हणाली.

वर्षभरानं मी शेगाव रोडकडं नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. चाचांचं घर तेव्हाही विकायचंच होतं. मग तेच का नाही घेतलं? मामानं विचारलं होतं हे. आईशिवाय त्या ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. आणि खरं सांगू का, लाज वाटत होती. ती होती तेव्हा नाही म्हटलं आणि आता कुणासाठी घ्यायचं?

वास्तूच्या दोन दिवस आधी खोल्या रिकाम्या केल्या. शेगडी, सिलेंडर, गंज, फोटो, सगळं फ्लॅटवर गेलं. पावडर टाकून ओटा घासला, कोरड्या फडक्यानं पुसला, टवक्यातला काळा मळसुद्धा काडीनं काढला. चाचांनी माझ्यासमोर कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

वास्तूला संग्रामपूरहून मामा-मामी आले होते. वास्तुशांत झाली, मग दूध. आईचाच गंज. गवळ्याचं म्हशीचं दूध, साय येणारं, काठाला दोन बोटं ठेवून भरलेलं. शेगडीची आच मोठी. मामी हळदकुंकू घेऊन उभी. दूध तापलं, उकळलं... आणि वर येईना. बुडबुडे येत होते, साय फाटत होती, पण चढतच नव्हतं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. दूध उतू का जातं हे मी शिकलेली बाई आहे — सायीखाली वाफ कोंडते, ती साय उचलते, झालं. मग इथं काय अडलं होतं? "बासुंदी होऊन राह्यली व," मामी म्हणाली आणि सगळे हसले. मीपण हसले. अर्धा तास झाला तसं हसणं थांबलं. मामानं शेवटी पळी घेतली, थोडं दूध गंजाच्या बाहेर ओतलं आणि म्हणाला, "गेलं उतू. चला पुढं."

तेवढ्यात फोन वाजला. कादरचाचा.

"बेटी, गॅस बंद कराले भुलली काय? मांगून दूध जळल्याचा वास येऊन राह्यला."

"चाचा, शेगडी इकडं आणली ना मी. तुमच्यासमोरच नेली."

पलीकडून किल्लीचा आवाज, कुलपाचा आवाज. मग फक्त, "तू ये."

स्कूटीवर पंधरा मिनिटं लागली. मामा मागं बसला होता. दारातच वास आला. ओट्यावर जिथं शेगडी असायची तिथून दूध पूर्वेकडं गेलं होतं, वाहत त्या टवक्यापाशी आलं होतं आणि खाली फरशीवर तळहाताएवढं साचलं होतं. टवक्याला एक थेंब लटकलेला. मी बोट लावलं. कोमट होतं. खिडक्यांना आतून कड्या होत्या, मीच लावलेल्या. मामानं वर छत बघितलं, मोरी बघितली, खिडक्या हलवून बघितल्या. मग बाहेर जाऊन उभा राहिला.

चाचांनी काही हात लावला नव्हता. त्यांनी एकच विचारलं. "तिकडं दूध उतू गेलं काय?"

"नाही गेलं."

त्यांनी मान हलवली. "मंग बराबर आहे," म्हणाले.

मी तिथंच रडले. आई गेल्यावरसुद्धा लोकांसमोर रडले नव्हते. आणि रडता रडताच म्हणाले, "चाचा, हे घर मला द्या. फ्लॅटचं बघते मी काहीतरी." चाचा म्हणाले, "मांगच्या जुम्म्याले इसार घेतला बेटी. जबान देल्ली." कुलूप हातात घेऊन म्हणाले, "तुले दोनदा इचारलं होतं न."

हो. दोनदा विचारलं होतं.

थोडं दूध मी बाटलीत भरून घेतलं, सवयीनं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तपासलं. नासलं होतं, बाकी दूधच होतं. म्हशीचं. फ्लॅटवर दूध का चढलं नाही याची चार कारणं मी तुम्हाला देऊ शकते, कमेंटमध्ये तुम्ही अजून द्याल. चाचांनी मुद्दाम केलं असेल असंही कोणी म्हणेल. करा विचार. पण सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, त्याला तिकडं दूध चढत नाहीये हे कळणार कसं? मला तरी उत्तर सापडलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

ते घर पाडलं. तिथं आता गोदाम आहे. चाचा-चाची अकोल्याला गेले, ईदला फोन येतो. माझा फ्लॅट चांगला आहे, पाणी चोवीस तास आहे, गाडी लावायला जागा आहे. राहायला येऊन आठ महिने झाले. आईचा आणि बाबांचा, दोन्ही फोटो अजून खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवलेत. हातोडी आहे, खिळे आणून ठेवलेत, भिंत माझीच आहे. कोणी काही म्हणणार नाही. रोज सुट्टीच्या दिवशी ठोकू म्हणते.