मी बरा आहे

आईचा फोन आला तेव्हा मी चिपळूणला शाळेत शिकवत होते. "बाबा गेले गो... पडवीत बसल्या बसल्या गेले," एवढंच ती बोलली. पावसला घरी पोचेपर्यंत मनात एकच येत राहिलं, शांतपणे गेले. बाबांच्या वाट्याला शांतता तशी फार थोडी आली होती.

मी नववीत असताना ते सैन्यातून मुदतीआधीच घरी आले. गावानं हारतुरे घातले. पण सुट्टीवर आले की भजनात पखवाज घेऊन बसणारे, मला गुदगुल्या करून हसवणारे बाबा काही परत आले नव्हते. हे बाबा भरल्या ताटावरून उठून जात. भांडं पडलं तरी अंगावर ओरडत, आणि मग दिवसभर तोंड लपवत. मैत्रिणींना घरी बोलवायचं मी बंद केलं. "बोलतील हो कधीतरी," आई म्हणायची.

आंब्याच्या दिवसांत शेजारच्या बागेत वानर हाकलायला सुतळीबॉम्ब लावत. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. एका सकाळी मी आणि बाबा पडलेले आंबे वेचत असताना अगदी जवळ धमाका झाला. बाबांनी मला खाली पाडलं आणि बागेच्या दगडी गडग्याच्या आडोशाला अंगाखाली दाबून धरलं. "सुरेश, हलू नको! लागलं काय रे?" आई धावत आली. "अहो, ती आपली सुमन आहे!" बाबांनी मिठी आणखीच आवळली. मला श्वास घेता येईना. कसं सुचलं, आजही सांगता येत नाही... मी म्हटलं, "नाही लागलं. मी बरा आहे." बरा म्हटलं, बरी नाही. त्यांचे हात सैल झाले. गडग्याला टेकून ते कितीतरी वेळ रडले.

सुरेश हा त्यांचा पलटणीतला सोबती, स्फोटात त्यांच्या शेजारीच पडला होता, हे त्या दिवशी कळलं. बाबा विचारत राहिले होते, आणि उत्तर आलं नव्हतं.

मी तडक शेजारच्या काकांकडे गेले. ऐकून ते म्हणाले, "आधी सांगायचंस ना गो बाय." त्यांच्या बागेत पुन्हा बॉम्ब वाजला नाही. बाबाही रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाले. पूर्ण बरे ते कधीच झाले नाहीत, पण आमच्यात बसून जेवू लागले. सुरेशच्या गोष्टी सांगताना क्वचित हसूही लागले.

त्यांच्या पाठीमागून कुणी अचानक जायचं नाही, आधी लांबून आवाज द्यायचा, ही आमच्या घरची रीतच होऊन गेली होती. परवा तिन्हीसांजेला आई दिवा घेऊन पडवीकडे निघाली. पडवीत कुणीच नव्हतं. तरी ती उंबऱ्याशी थांबली आणि हळूच म्हणाली, "मी आहे हो... येतेय."