फ्रेंच टोस्ट दिसला की माझा हात दंडावर जातो

मैत्रिणींनो, होस्टेलचा तो नाश्ता आठवतो? ताटलीत फ्रेंच टोस्ट दिसला की आपण दंड चोळायला लागायचो, कारण नेमके त्याच दिवशी डॉक्टर सुई टोचायला यायचे.

आज सावेडीत माझ्याच स्वयंपाकघरातून तो वास आला आणि हात आपोआप दंडावर गेला. पुण्याहून आलेला माझा मुलगा निखिल टोस्ट भाजत होता. एरवी हा स्वतःचा चहासुद्धा गाळून घेत नाही.

कामाला येणारी मंगल कानाशी येऊन म्हणाली, "काकू, दादा सकाळधरनं अंडी फोडतायत. काय तरी हाय बघा."

टोस्ट कडेनं खरपूस, आत मऊ, अगदी होस्टेलसारखा झाला होता. माझा संशय आणखी वाढला.

"निखिल, सुई कुठंय?"

त्याला काही कळलं नाही. मग ताटलीकडे बघत म्हणाला, "आई, परवा तू नाक्यावर गाडीवरून पडलीस. आता स्कूटर विकून टाकू या."

मी हातातला टोस्ट ताटलीत ठेवला. त्या स्कूटरमुळे मला 'जरा बाजारात सोड' असं कुणाला म्हणावं लागत नाही. पण टेबलाखाली गुडघा ठणकत होताच.

तेव्हा मैत्रिणींनो, माझा निर्णय ऐका, म्हणजे साक्षीदार राहाल. स्कूटर विकायची नाही, मंगलला द्यायची. तिच्याकडे लायसन्स आहे, गाडी नाही. मला बाजारात तीच नेईल. उरलेले टोस्टही तिच्या मुलींना. हेल्मेट मात्र कुणी मागू नका. तिच्या मागे बसताना मला ते लागणार आहे.