एकवीस जणांचा अपघात

एका भोकासाठी सहा वर्षं मुंबईशी भांडलेला माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. मालवणच्या शाळेत ते शास्त्र शिकवत, पण वेळापत्रक त्यांचं ओहोटीचं. पाणी मागे सरलं की धोतर खोचून मास्तर खडकांवर पालथे! तिथेच त्यांना तो भेटला. खडकाला टोपीसारखा चिकटलेला नखाएवढा शंख आणि टोपीच्या शेंड्याला किल्लीच्या भोकासारखं भोक. याची जात कोणती, हे विचारायला त्यांनी तो कापसात गुंडाळून मुंबईच्या एका संग्रहालयात धाडला. महिन्याभरात तो परत आला. सोबत चिठ्ठी, "नमुना फुटका आहे. अखंड पाठवावा."

आतोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. मग भेटेल त्याला ते पटवू लागले, की भोक जन्मजातच आहे, वापरलेलं पाणी आणि घाण तो जीव त्यातूनच बाहेर टाकतो. हे त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत, नेमकी बासुंदी वाढताना, व्याह्यांना सविस्तर सांगितलं. व्याह्यांनी वाटी बाजूला सारली. शंखावरच्या रेघा ते आत्याच्या शिवणाच्या सुईने मोजत. मध्ये कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून. त्यामुळे "अवो, जेवाण निवला" म्हणायचीही आत्याला चोरी.

पार्सलं जात राहिली, फुटकी म्हणून परत येत राहिली. शेवटी पोस्टातला कारकून कळवळून म्हणाला, "मास्तरांनू, दर खेपेक फुटकोच कित्याक धाडतास? एक बरो बघून धाडा मां!"

आतोबांनी एकवीस शंख जमवले, एकाच पेटीत भरले आणि सोबत लिहिलं, "एकवीस जणांना एकाच जागी अपघात होत नाही."

या वेळी उत्तर यायला चार महिने लागले. भोक नैसर्गिक आहे, हे साहेबांनी मान्य केलं होतं. मात्र जात जुनीच, फार पूर्वी कोणीतरी नाव दिलेली. आम्हाला वाईट वाटलं. आतोबांनी मात्र आळीभर जत्रेतलं गोड खाजं वाटलं. मला म्हणाले, "नाव कोणाचाय असांदे रे, माझो फुटको नाय मां!"

आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. परत आलेल्यांतला एक शंख माझ्या टेबलावर असतो. येणारा प्रत्येक जण तो उचलून हळहळतो, "अरेरे, फुटला का हो?" माझं डोकंच फिरतं. मी त्याला बसवून पाणी, घाण, एकवीस जण, सगळं ऐकवतो. चहा निवला तरी थांबत नाही. परवा असाच एक पाहुणा पळाल्यावर बायको म्हणाली, "अगदी आतोबा दिसत होतात." त्यांची फार आठवण आली. मी तिच्याकडून सुई मागून घेतली आणि रेघा मोजायला बसलो. घरात कोणीही हाक मारली नाही, तरी मोजणी दोनदा चुकली.