पुसलेले पायथन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही.

आधी जबाबदार कोण, ते नोंदवतो, सवयच आहे. आमच्या संगणकातल्या विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीचा आधार काढून घेणारी कंपनी. त्या प्रणालीवर पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती चालणार नाही, असे ठरवणारे लोक. नवा संगणक नाकारणारी आमच्या मच्छीमार संस्थेची समिती. तिघांनाही मी पत्रे लिहिली. एकानेही उत्तर दिले नाही. विश्वासघात याहून वेगळा काय असतो?

मात्र चौथे नाव मी कुठल्याच पत्रात घातले नाही.

मी संस्थेचा सचिव होतो आणि वनिता आमची संगणक चालक, तुमसरला शिकलेली, शेजारच्या घरची सून. तलावाच्या ठेक्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. सभासदांची सारी माहिती मात्र जुन्या फॉन्टमध्ये. शासनाच्या संकेतस्थळावर त्या अक्षरांची नुसती अगम्य चिन्हे दिसत. वनिताने त्या खटारा यंत्रावर चालेल असे जुने पायथन शोधले, माझ्या लेखी परवानगीने सीडीवरून बसवले आणि एकेक अक्षर जुळवत रूपांतराचा प्रोग्राम लिहिला. त्याची प्रत बाहेर नेणे शक्य नव्हते — व्हायरसच्या भीतीने पेनड्राइव्हवर बंदी होती. तो ठराव माझाच.

ती धानाच्या रोवणीसाठी रजेवर गेली. आणि मी — मी काय केले? आयुष्यभर कायदे वाचले. सुधारित कायदा आला की जुना रद्द. नवे पायथन निघाल्याचे कळले, म्हणून आधी जुने काढले, तिचे फोल्डर त्यातलेच समजून पुसले, कचरापेटीही रिकामी केली. मग नवे बसवायला घेतले. यंत्राने साफ नकार दिला.

अर्जाची मुदत टळली. तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला. ज्या पाण्यावर आमच्या घरांच्या चुली पेटत, त्यात उतरायला आता त्याची परवानगी लागते.

सभेत वनिताने मला विचारले, "काकाजी, तुमी काही काहाडलं होतं का?"

"मी कायले हात लावू? तुह्याच प्रोग्रामनं खाल्लं सारं."

मागून कुणीतरी ओरडले, "आता जाळं टाकून काहाड तुही फाइल!" सगळे हसले. मीही हसलो. तिने माझ्याकडे पाहिले. तिला कळले होते का? मला वाटते, कळले होते. तरी तिला कामावरून काढण्याच्या ठरावावर मी सही केली.

आता ती तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती शिवते. रस्त्यात दिसली तर पदर सावरून नमस्कार करते. ज्यांना मी विश्वासघातकी म्हणून पत्रे धाडली, त्यांनी निदान आधी जाहीर तरी केले होते. मी काय जाहीर केले?

वय, घाई, अज्ञान — यांतले एकही कारण मी पुढे करत नाही. खोटे मी समजून-उमजून बोललो.

म्हणून समितीकडे ही शेवटची मागणी. येत्या वार्षिक सभेत संस्थेच्या माजी सचिवाला, म्हणजे मला, उभे करावे आणि ते फोल्डर कुणी पुसले याचे उत्तर सर्वांसमोर घ्यावे. वनिताने तिथे यायचे की नाही, ते तिने ठरवावे.