बिझेकीकाका आणि नदीवरचे खोपे

एनिफामावशीचं सुतक संपलं, तेव्हा बिझेकीकाकांनी आमच्या गावातून निघायला हवं होतं. आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी येतो, तिच्या जमिनीवर घर बांधतो. ती गेली की तिची माणसं त्याला मक्याची दारू पाजतात, आभार मानतात आणि त्याच्या गावी परत पाठवतात. काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं गाव वर डोंगरात, पाणी विहिरीचं. तिथे त्यांना ओळखणारी माणसं बहुतेक मातीखाली गेली होती.

"निरोप कधी द्यायचा, दाजी?" जैलोसीमामांनी विचारलं. मामा आईचे थोरले भाऊ. असली कामं त्यांच्याकडे.

काकांनी नदीकडे बोट केलं. शिरे नदीच्या पाण्यावर वाकलेल्या बोरूंना सुगरणींचे खोपे लोंबत होते. "त्या टोकाच्या खोप्यात अंडी आहेत. पिल्लं उडाली की निघतो."

मामांना हे सभ्य वाटलं.

काका दुपारभर पालथ्या होडीवर बसायचे, कधी मीही. पिवळा नर बोरूच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि पातं सोलून निघतं. आधी तो एक कडं विणतो. कड्यात पाय रोवून उभा राहतो. चोच पोचेल तिथवर भिंत. म्हणून घर त्याच्याच अंगाच्या मापाचं होतं. दार खाली, पाण्याकडे. मग दाराशी उलटा लटकून, पंख फडफडवून तो मादीला बोलावतो. ती आत शिरते, धागे ओढून बघते आणि पुष्कळदा निघून जाते. हिरवा रंग उडाला की त्या खोप्याला कुणी विचारत नाही. तेव्हा नर स्वतःच तो धागा धागा तोडतो. खोपा पाण्यात पडतो, वाहत जातो. नर त्याच काडीवर नवं कडं धरतो.

"तुझ्या मावशीने मला दोनदा भिंत पाडायला लावली, मग आत आली," काका म्हणाले. "दुसऱ्या वेळी भिंत सरळ होती. तिला माझा घाम बघायचा होता."

पिल्लं उडाली. मामा आले.

"त्याच नराचा दुसरा खोपा बघा," काका म्हणाले. "त्यात कालच मादी राहायला आली."

"या नराला बायका किती?"

"मिळतील तितक्या."

"मग तुम्ही जन्मात निघत नाही, दाजी."

खरंखोटं करायला मामा होडीवर बसले. संध्याकाळी एक घोरपड पोहत खोप्यांकडे निघाली, तेव्हा मामांनी तिला शिव्या घातल्या आणि पायातली चप्पल भिरकावली. चप्पल नदीने नेली. दुसरी हातात धरून ते बायकोच्या गावी परत गेले.

पाऊस सरला. नरांचा पिवळा उतरला. ते चिमण्यांसारखे होऊन गवतात थव्याने पांगले. रिकाम्या खोप्यांतून वारा जायचा. त्याचा आवाज होईल असं मला वाटलं होतं, होत नव्हता. काकांकडे आता दाखवायला काही उरलं नाही. त्यांनी आपणहून बोचकं बांधलं.

मामा दारू घेऊन आले. आई अंगणात मका पाखडत होती.

"दादा, उद्या तुझी बायको गेली तर तू कुठे येशील?" तिने मान वर न करता विचारलं.

"इथेच. माझ्या आईचं गाव आहे."

"आणि माझ्या घरात घोरशील."

"रीत आहे, बाई."

"रीत मलाही ठाऊक आहे. जमीन कुणाची, तेही."

मामा दारूच्या भांड्यात बघत राहिले. आमच्यात जमीन बायकांची.

"दाजी, बोचक्यात काय आहे?" आईने काकांना विचारलं.

"कपडे. आणि हिची हांडी."

"हांडी ताईची. तिच्यामागे माझी. ती गावाबाहेर जात नाही."

काकांनी बोचकं जवळ ओढलं. "त्या हांडीत शिजवलेली मक्याच्या पिठाची न्सिमाच माझ्या घशाखाली उतरते."

"मग इथेच उतरू दे," आई म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

काका बोचकं सोडायला बसले. गाठ सुटेना.

"सरका," मामा म्हणाले, आणि दातांनी ती सोडवू लागले.