खारी, टोस्ट आणि मामांच्या गाठी

घरात उंदीर पाळलेत असं सांगितलं की लोक आधी दोन पावलं मागं सरकतात, आणि मग खुर्ची ओढून बसतात. "दिवसभर करतात काय ते?" हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर देता देता माझ्याकडं इतकं साठलंय की पाहुण्यांचा चहा गार होतो. त्यातलंच हे थोडं.

*

ऑफिसातली मैत्रीण बदली होऊन पुण्याला गेली आणि जाताना पिंजरा माझ्या हवाली करून गेली. आत दोन माद्या. एक पिवळसर पांढरी, ती खारी. दुसरी तपकिरी, ती टोस्ट. महिनाभरात खारी दिवसभर पिंजऱ्याची एकच सळई चावत बसायला लागली. टोस्टच्या पाठीवरचे केसही तिनं कुरतडले. मी तिला डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपलं.

"औषध नको हिला, काम द्या," ते म्हणाले. "कंटाळलीय ती."

संध्याकाळी मी हे माझ्या नवऱ्याला, प्रशांतला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

"मला शेंद्र्याच्या एमआयडीसीत काम मिळायला दोन वर्षं लागली," तो म्हणाला. "उंदराला कुठं चिकटवायचं?"

*

मी ठरवलं, आपण द्यायचं काम. उस्मानपुऱ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला फरहाना शिवणकाम करते. तिच्याकडून चिंध्या आणल्या आणि पिंजऱ्यात टांगायला झोळी शिवली. ती एक सकाळ टिकली. दुसरी दुहेरी कापडाची केली, ती दोन दिवस. तिसरी प्रशांतच्या जुन्या जीन्सची. तिचं कापड शाबूत राहिलं, पण दोघींनी कोपऱ्याच्या नाड्या तोडल्या आणि झोळीसकट खाली आपटल्या.

पाचवी झोळी हातात घेऊन मी फरहानाकडं गेले तेव्हा तिनं शिलाई नुसती उलटून पाहिली.

"बाजी, तुम अपनी नजर से सिलाई कररे," ती म्हणाली. "उसके दाँतां से सोचो."

सहाव्या झोळीला नाड्याच ठेवल्या नाहीत. चारी कोपऱ्यांना किल्ल्यांच्या कड्या लावल्या. ती टिकली.

*

मग कळलं की अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दाणे दडवून वर कागदाचे बोळे कोंबले, की दोघी अर्धा तास गुंतून राहतात. आमच्या घरात अंडं शिजत नाही. म्हणून मी कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याकडं रोज रिकामा ट्रे मागायला लागले. तो बिचारा रोज द्यायचा, काही विचारायचा नाही. दहाव्या दिवशी त्यानं ट्रे हातातच धरून ठेवला.

"ताई, पोल्ट्री टाकली असेल तर सांगून टाका," तो म्हणाला. "माल तुमच्याकडूनच घेतो."

*

उन्हाळ्यात दोघी फरशीला पोट टेकून निपचित पडायच्या. मी उथळ ताटात बोटभर पाणी घेऊन त्यात मटारचे दाणे सोडले. टोस्ट पाण्यात उभी राहून एकेक दाणा हातानं बाहेर काढायची आणि लगेच दुसऱ्यावर नजर लावायची. पोटही भरायचं, अंगही गार व्हायचं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. फरहाना बादलीभर पाणी मागायला वर आली होती. ती दारातच उभी राहून बघत राहिली.

"हमारेकू पीने का पानी नै," ती म्हणाली, "और चूहोंकू स्विमिंग पूल."

बादली घेऊन ती गेली. पाच मिनिटांनी परत आली. तिच्या फ्रीजमधला वाटीभर मटार होता हातात.

*

त्यानंतर मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. लासूर स्टेशनला त्यांची धान्याची आडत. चाळीस वर्षं त्यांनी गोदामात उंदरांशी लढाई केली. लकव्यानं त्यांची उजवी बाजू कमजोर झाली, म्हणून प्रशांत त्यांना आमच्याकडं घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावर खुर्चीवरून दोघांनी उचलून आणावं लागलं. घरात आल्यावर त्यांची नजर आधी पिंजऱ्यावर गेली.

"दोन सापडले व्हय?" ते म्हणाले. "बरं झालं. सोडायचे कुठं?"

मी म्हणाले, "मामा, पाळलेत."

ते त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. रात्रीच्या जेवणाला फक्त प्रशांतला म्हणाले, "सुनेला काही त्रास आहे का?"

*

व्यायाम करून घ्यायला एक मॅडम यायच्या. त्या रबरी चेंडू देऊन जायच्या आणि मामा तो उशीखाली सारायचे. "पोरासोरांचे खेळ," म्हणायचे. दिवसभर पिंजऱ्याकडं पाठ करून बसायचे. हात मांडीवर तसाच पडलेला असायचा. प्रशांतनं रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. मला तर त्या हाताकडं बघवत नव्हतं.

एक दिवस मी कागदाच्या चौकोनात ज्वारी घालून पुड्या वळत होते. दोघींनी त्या फोडून खायच्या, असा बेत. मामांनी मान वळवली.

"ही काय पुडी झाली?" ते म्हणाले. "रस्त्यातच सांडंल. आण इकडं."

डाव्या हातानं त्यांनी कागद दुमडला. दोरा गुंडाळायला मात्र दुसरा हात लागतो. उजव्या हाताची बोटं दोऱ्यापर्यंत पोचायला बराच वेळ गेला. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. पाऊण तासानं एक पुडी तयार झाली. खारीनं ती दहा सेकंदांत फोडली.

मामांनी फाटका कागद उचलून उलटसुलट पाहिला.

"दुसरा कागद दे," ते म्हणाले.

*

पुढचे दोन महिने घरात तेवढंच चाललं होतं. मामा गाठ मारायचे, खारी सोडवायची. सुती दोरा हरला. सुतळी हरली. मामांनी पोत्याचं तोंड शिवताना मारतात ती गाठ काढली, तिला खारीला एक सबंध दुपार लागली. मामा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

व्यायामाच्या मॅडमनी त्यांना बोट दाबायला सांगितलं आणि मामांनी दाबल्यावर त्यांनी बोट झटकन मागं घेतलं.

"बाबा, पकड आली की. कोणता व्यायाम करता?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. सांगू नको, असं डोळ्यांनीच बजावलं.

"एक गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "लई चिकट. पुडी सोडून माल तपासल्याबिगर घेतच नाय."

*

खारी म्हातारी झाली. आधी तिचे मागचे पाय घसरायला लागले, मग ओढतच चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, तिला पिंजऱ्याच्या खालच्या मजल्यावरच ठेवा. पण तिची झोळी वर होती आणि टोस्ट वर झोपायची. खारी खाली बसून वर बघत राहायची.

मामांनी माझ्याकडून फळी मागवली. तिला बोटभर अंतरानं काड्या चिकटवल्या आणि पिंजऱ्यात तिरपी लावली. खारी पुढच्या पायांनी अंग ओढत चढायची, तिसऱ्या काडीवर घसरून खाली यायची. थोडा वेळ तशीच पडून राहायची आणि पुन्हा लागायची. मामा समोर खुर्ची टाकून बसले होते. प्रशांत वडिलांना म्हणाला, "दादा, मी उचलून वर ठेवतो तिला."

"हात लावू नको," मामा म्हणाले.

सकाळचे अकरा वाजून गेले. एकदाची ती वर पोचली, झोळीत शिरली आणि टोस्टच्या अंगावर डोकं टाकून झोपली.

मामांनी फळीवरची तिसरी काडी अंगठ्यानं चाचपून पाहिली. मग मला म्हणाले, "मनीषा, चप्पल दे. खाली जायचंय."

आल्यापासून ते दवाखान्यासाठी खुर्चीवरूनच खाली उतरले होते. प्रशांत खुर्ची आणायला निघाला. त्यांनी त्याला थांबवलं, उजव्या हातानं कठडा धरला आणि पहिला पाय खाली टाकला. मी पुढं, प्रशांत मागं. प्रत्येक मजल्यावर ते पायरीवर बसले. दम खाल्ला आणि कुणी काही म्हणायच्या आत उठले. खाली पोचलो तेव्हा त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. वॉचमननं पळत येऊन स्वतःची खुर्ची दिली.

"बाबा, एवढं काय काम काढलं?"

"फळीवर लावायला तरट आणायचंय," मामा म्हणाले. "तिसऱ्या काडीवर घसरतीय ती."